अमेरिकेतल्या एलटॅकमध्ये नर्स म्हणून रुजू होताना

एनक्लेक्स (नर्सच्या परवान्याची परीक्षा) पास झालात, राज्याचा परवाना हातात आला, आणि मोठ्या रुग्णालयांकडून 'अमेरिकेतला अनुभव नाही' म्हणून नकार यायला लागले की कधीतरी एखाद्या एलटॅकचा फोन येतो. मुलाखत झटपट उरकते, साइन-ऑन बोनसची रक्कम सांगितली जाते आणि लगेच ओरिएंटेशनची तारीखही मिळते. एलटॅक म्हणजे दीर्घकाळ ॲक्यूट उपचार देणारं रुग्णालय. आयसीयूतून बाहेर काढता येतो, पण घरी किंवा नर्सिंग होममध्ये पाठवता येत नाही, असा पेशंट इथे येतो. काम शिकायला ही जागा चांगलीच आहे. ट्रेकिओस्टॉमी (मानेतून श्वासनलिकेत घातलेली नळी, थोडक्यात 'ट्रेक'), व्हेंटिलेटर, डायलिसिस, पिक लाइन (दंडातून हृदयाजवळच्या शिरेपर्यंत नेलेली नळी), हाडापर्यंत गेलेल्या जखमा हे सगळं वर्षभरात हाताखालून जातं. अडचण एकच, पण मोठी आहे. पेशंट आयसीयूच्या तोडीचे असतात आणि माणसं वॉर्डाइतकीच मिळतात.

त्यामुळे नव्याने येणाऱ्या नर्सने दोन सवयी लावून घ्याव्यात. आकडे सहीच्या आधी विचारायचे, आणि आक्षेप पेशंट स्वीकारण्याच्या आधी नोंदवायचा. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी पैशाची वाट समजून घ्या

'मला बेडसाइड काम करायचंय, हिशेबाशी काय देणंघेणं?' असं म्हणून हा भाग सोडू नका. तुमच्या शिफ्टला किती जण असतील आणि शुक्रवारी संध्याकाळी तीन ॲडमिशन का येतील, ते इथेच ठरतं.

देशातली बहुतांश एलटॅक नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांची आहेत. सिलेक्ट मेडिकल हे त्यातलं मोठं नाव. किंड्रेड हे दुसरं जुनं नाव. २०२१मध्ये लाइफपॉइंटने ती कंपनी घेतली आणि तिची बरीचशी एलटॅक सायनहेल्थ या नव्या कंपनीकडे गेली. पैसा प्रामुख्याने मेडिकेअरकडून, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याकडून येतो. एलटॅक म्हणून मान्यता टिकवायची तर मेडिकेअरच्या पेशंटांचा सरासरी मुक्काम २५ दिवसांपेक्षा जास्त असावा लागतो. २०१५च्या अखेरीपासून आणखी एक अट टप्प्याटप्प्याने लागू झाली. पूर्ण दर हवा असेल तर पेशंट इथे येण्याच्या लगेच आधी किमान ३ दिवस आयसीयूत राहिलेला असावा, नाहीतर इथे तो ९६ तासांपेक्षा जास्त व्हेंटिलेटरवर असावा. या अटीत न बसणाऱ्या पेशंटासाठी साध्या रुग्णालयाच्या दराशी मिळताजुळता, बराच कमी दर मिळतो. कोविडच्या काळात ही अट स्थगित होती, नंतर परत आली.

याचा पहिला परिणाम असा की आजारपणाची पातळी वर गेली. चालते-फिरते, नुसत्या अँटिबायोटिकसाठी ठेवलेले पेशंट कमी झाले. तुमच्या पाच पेशंटांत तीन ट्रेकवाले असतील, हे धरूनच चला.

दुसरा परिणाम डिस्चार्जवर होतो. प्रत्येक निदान-गटासाठी मुक्कामाचा एक उंबरठा ठरलेला असतो, त्या गटाच्या भूमितीय सरासरी मुक्कामाच्या पाच-षष्ठांश. त्याआधी पेशंट गेला तर पैसे कापले जातात. उंबरठा ओलांडताच डिस्चार्ज एकदम वाढतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पेशंटाची तब्येत आणि ती तारीख जुळत नाही असं वाटलं, तर तुमच्या हातात असलेलं काम म्हणजे नोंद. रात्रीत सक्शन (नळीतला बेडका ओढून काढणं) किती वेळा लागलं, ट्रेक कॉलरवर (व्हेंटिलेटरशिवाय, नुसत्या ऑक्सिजनवर) किती तास टिकला, ऑक्सिजन किती लागला, हे वेळेसकट लिहा. व्हेंट लावल्याची आणि काढल्याची वेळ मिनिटापर्यंत खरी असू द्या. तिथे कुणाच्याही सांगण्यावरून फेरफार करू नका, ती नोंद मेडिकेअरच्या बिलात जाते.

मुलाखतीत विचारायचे आकडे

'स्टाफिंग कसं आहे?' असं विचारलंत तर 'छान आहे, आमची टीम फार सपोर्टिव्ह आहे' हे उत्तर ठरलेलं. प्रश्न आकड्यातच विचारा.

बहुतेक ठिकाणी माणसं 'अवर्स पर पेशंट डे' या मापाने, म्हणजे एका पेशंटामागे दिवसाला किती कामाचे तास यावर ठरतात. उदाहरणासाठी हा आकडा ९ धरू आणि पेशंट ३२. दिवसाचे २८८ तास झाले. बारा तासांच्या शिफ्टने भागले तर २४ माणसं, म्हणजे दिवसा १२ आणि रात्री १२. त्यात एक चार्ज नर्स (शिफ्टची प्रमुख), ४ सीएनए (मदतनीस) आणि ७ आरएन (नोंदणीकृत नर्स) अशी वाटणी झाली तर प्रत्येकीला ४ किंवा ५ पेशंट येतात. आता मॉनिटर बघणारा टेक्निशियनही त्याच बारामध्ये मोजला, तर आरएन उरतात ६ आणि दोघींना सहा-सहा पेशंट घ्यावे लागतात. कागदावर आकडा तोच असतो, तुमच्या वाट्याला मात्र एक ट्रेकवाला जास्तीचा येतो. म्हणून 'तासांच्या मापात कोण-कोण मोजलं जातं?' हा मुलाखतीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

चार पेशंट डिस्चार्ज झाले तर त्याच हिशेबाने २४ची २१ माणसं होतात. तिघांना फोन जातो की 'आज येऊ नका.' याला लो सेन्सस किंवा फ्लेक्स म्हणतात. विचारा, महिन्यातून जास्तीत जास्त किती वेळा घरी बसवता? घरी बसवल्यावर पगार मिळतो, की माझी जमवलेली सुट्टी कापली जाते? कॉलवर ठेवलं तर ताशी किती? छत्तीस तासांची नोकरी समजून घेतलेली हातात चोवीस तासांची पडली तर घरभाड्याचा हिशेब कोलमडतो, आणि काही ठिकाणी आरोग्य विम्याची पात्रताही तासांवर असते.

याशिवाय हे विचारा:

- चार्ज नर्स स्वतः पेशंट घेते का? घेत असेल तर किती?
- रात्री डॉक्टर इमारतीत असतो की फोनवर?
- रेस्पिरेटरी थेरपिस्ट एका शिफ्टला किती, आणि एकाकडे व्हेंट किती?
- कोड ब्लूला (हृदय किंवा श्वास बंद पडल्याच्या हाकेला) कोण धावतं?
- एलपीएन (आरएनपेक्षा कमी अधिकार असलेल्या नर्स) असतील तर त्यांच्या पेशंटांची आयव्ही पुश (थेट शिरेत द्यायची) औषधं आणि असेसमेंट कोण करतं?

हा शेवटचा प्रश्न नव्या मुली विचारत नाहीत आणि मग पस्तावतात. 'तुला पाचच पेशंट' असं सांगतात, पण शेजारच्या एलपीएनच्या आणखी पाचांवर सही तुमची असते.

शेवटी चार तास शॅडो करू द्या (एखाद्या नर्सबरोबर फिरून काम बघू द्या) म्हणा, तेही रात्री. त्या चार तासांत एवढंच बघा: व्हेंटचा अलार्म वाजल्यापासून कुणी खोलीत शिरेपर्यंत किती वेळ जातो, आणि नर्सा जेवायला बसतात का. शॅडोला नाही म्हणणाऱ्या जागेबद्दल दोनदा विचार करा.

करारातली कलमं

साइन-ऑन बोनस बहुधा हप्त्यांनी मिळतो आणि ठरलेल्या मुदतीआधी सोडलंत तर परत मागितला जातो. परत करायची रक्कम कर कापण्याआधीची की हातात आलेली, हे कागदावर बघा. १०,००० डॉलरचा बोनस हातात येईपर्यंत सात हजारांच्या आसपास उरतो. पूर्ण दहा परत मागितले तर तीन हजार खिशातून जातात. 'मुदतीच्या प्रमाणात कमी होत जाईल' हे वाक्य करारात आहे का, शोधा. नसेल तर घालून घ्या.

ट्रेनिंगच्या खर्चाची वसुली हे दुसरं कलम. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६पासूनच्या नव्या करारांत नोकरी सोडल्यास पैसे भरा अशा प्रकारची बहुतेक कलमं बेकायदा ठरली आहेत. इतरत्र राज्यागणिक फरक आहे. एजन्सीमार्फत आलेल्यांनी २०१९चा एक निकाल लक्षात ठेवावा. न्यूयॉर्कमधल्या नर्सिंग होममध्ये आणलेल्या फिलिपिनो नर्सांच्या करारात लवकर सोडल्यास २५,००० डॉलरपर्यंत दंड होता. ब्रुकलिनच्या फेडरल न्यायालयाने तो वेठबिगारीविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवला. तुमच्या करारात असा आकडा असेल तर घाबरून तिथेच कुढत राहू नका, कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवा.

भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या वर्गाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. त्यामुळे थेट नर्स म्हणून येण्यापेक्षा जोडीदाराच्या व्हिसावर येऊन एच-४ ईएडीवर (त्या व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) काम करणाऱ्या मराठी नर्सा इथे जास्त भेटतात. ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो. पहिल्याच दिवशी करा. ३० ऑक्टोबर २०२५पासून भरलेल्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. कार्ड संपलं त्या दिवशी काम थांबतं, मॅनेजर कितीही चांगली असली तरी.

ओरिएंटेशन

प्रिसेप्टरबरोबर (शिकवणाऱ्या अनुभवी नर्सबरोबर) किती आठवडे, हे लेखी घ्या. व्हेंटचा अनुभव नसेल तर सहा आठवड्यांपेक्षा कमी मान्य करू नका. तिसऱ्या आठवड्यात 'आज माणसं कमी आहेत, तू तीन पेशंट एकटीने घे' असं होतं. त्या शिफ्ट ओरिएंटेशनमध्ये धरू नका असं एज्युकेटरला ईमेलने कळवा. कौशल्यांची यादी असते, त्यात न केलेल्या गोष्टीपुढे सही करायची नाही. काही बिघडलं तर सगळ्यात आधी तीच यादी बाहेर काढली जाते.

महाराष्ट्रातल्या रुग्णालयांतून आलेल्यांना इथे दोन गोष्टी जड जातात. नातेवाईक बेडपाशी नसतो. कूस बदलायला, भरवायला, 'सिस्टर, सलाइन संपलं' सांगायला कुणी नाही, सगळं तुम्ही आणि सीएनए. दुसरं म्हणजे रात्री अडीच वाजता डॉक्टरला फोन करताना वाटणारा संकोच. इथे फोन न करणं हा गुन्हा धरतात. पेशंट कोण, कशासाठी दाखल, आत्ता काय बदललं, आकडे काय, मला काय हवंय, या क्रमाने बोला. फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी परत करा आणि दोन्ही वेळा नोंदवा. तरीही नाही, तर चार्ज नर्स आणि पुढे हाउस सुपरवायझर (त्या शिफ्टला संपूर्ण रुग्णालय बघणारी).

शिफ्टची पहिली वीस मिनिटं

रिपोर्ट (आधीच्या शिफ्टच्या नर्सकडून पेशंटाची माहिती) बेडपाशीच घ्या. प्रत्येक ट्रेकवाल्या पेशंटाकडे हे डोळ्यांनी बघा आणि हाताने चालवून बघा.

ट्रेकचा आकार काय, कफ (म्हणजे बेडका नव्हे, नळीभोवतीचा फुगा) आहे की नाही, आणि ट्रेक कोणत्या तारखेला केला. तारीख विचारायचं कारण असं: सात दिवसांच्या आतला ट्रेक निघाला तर तो आंधळेपणाने परत घालायचा नाही. मार्ग तयार झालेला नसतो आणि नळी श्वासनलिकेच्या बाहेर ऊतींत शिरते. छिद्र झाका, तोंडावर मास्क लावून अँबूने (हाताने दाबायच्या श्वास-पिशवीने) श्वास द्या, कोड बोलवा. जुना ट्रेक असेल तर त्याच आकाराचा किंवा एक आकार लहान ऑब्ट्युरेटरसकट (नळी आत सरकवायच्या दांडीसकट) घालता येतो. पण स्वरयंत्र काढलेल्या पेशंटाला तोंडातून श्वास देऊन काहीच होत नाही, त्याचा एकमेव मार्ग मानेतला आहे. तसा पेशंट असेल तर रिपोर्टमध्ये ठळक सांगितलं गेलं पाहिजे आणि बेडच्या वर पाटी पाहिजे.

बेडपाशी काय हवं? त्याच आकाराचा एक जादा ट्रेक, एक लहान, ऑब्ट्युरेटर, मास्कसकट अँबू बॅग, आणि चालू सक्शन. सक्शनच्या नळीला अंगठा लावून दाब बघा, ८० ते १२० मिमी मर्क्युरी ठीक, १५०च्या वर नको. सक्शनची एक खेप १५ सेकंदांच्या आत, त्याआधी ऑक्सिजन. कफचा दाब २० ते ३० सेंमी पाणी. कमी असेल तर लाळ फुप्फुसात उतरते, जास्त असेल तर श्वासनलिकेला जखम होते. हा दाब बहुधा थेरपिस्ट मोजतो, पण मोजला की नाही हे तुम्ही विचारा.

बोलण्याची झडप लावायची असेल तर कफ पूर्ण रिकामा असलाच पाहिजे. झडपेतून हवा आत येते, बाहेर जात नाही. कफ फुगलेला असेल तर श्वास सोडायला वाटच उरत नाही आणि काही मिनिटांत पेशंट जातो. सीएनएने किंवा नातेवाइकाने प्रेमाने झडप लावून दिल्याचे प्रकार होतात, म्हणून पायलट बलूनवर (कफला जोडलेल्या बाहेरच्या छोट्या फुग्यावर) 'झडपेआधी कफ रिकामा करा' ही चिठ्ठी आहे ना, बघा.

व्हेंटचा अलार्म वाजला की आधी पेशंटाकडे बघायचं, यंत्राकडे नंतर. दाब कमी झाल्याचा अलार्म म्हणजे नळी कुठेतरी सुटली किंवा कफ गळतोय. दाब वाढल्याचा अलार्म म्हणजे बेडका साठला, नळी मुडपली, पेशंट खोकतोय, श्वासनलिका आकसली किंवा छातीत हवा भरली. कारण सापडत नसेल आणि सॅच्युरेशन उतरत असेल तर शोधत बसू नका. व्हेंट सोडवा, शंभर टक्के ऑक्सिजनवर अँबूने श्वास द्या आणि मोठ्याने हाक मारा. बॅग सहज दाबली गेली आणि पेशंट सावरला, तर दोष यंत्रात किंवा नळ्यांत. बॅग दाबताच येत नसेल, तर दोष ट्रेकमध्ये किंवा छातीत.

वाउंड व्हॅक (जखमेतला स्राव ओढून घेणारं यंत्र) चालू आहे का, तेही याच फेरीत. दाब बहुधा उणे १२५ मिमी ठेवलेला असतो. यंत्र दोन तासांहून जास्त बंद राहिलं असेल तर आतला फोम काढून साधं ड्रेसिंग करावं लागतं, नाहीतर बंद जखमेत जंतू वाढतात. आधीच्या शिफ्टमध्ये बॅटरी संपून यंत्र पाच तास बंद होतं, हे रिपोर्टमध्ये कुणी सांगत नाही. स्क्रीनवरच बघावं लागतं.

नऊ वाजताची औषधं

रात्री नऊच्या औषधांत नवी नर्स हमखास अडकते, आणि तो तिचा दोष नसतो. पाच पेशंट, प्रत्येकाची दहा-बारा औषधं, बरीच पेगमधून (पोटात बसवलेल्या नळीतून). एकेक गोळी वेगळी कुटायची, वेगळी द्यायची, मध्ये १५ ते ३० मिली पाणी. एका पेशंटाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पाचांना दीड तास, तेही मध्ये एकही अलार्म वाजला नाही तर. आठ वाजताच सुरुवात करा. फेडरल नियमांनुसार २०११पासून रुग्णालयाला औषधांचे गट ठरवता येतात. वेळेला अगदी बांधलेली औषधं अर्ध्या तासाच्या आत, दिवसातून अनेकदा दिली जाणारी इतर औषधं ठरल्या वेळेच्या एक तास आधी-नंतर, दिवसातून एकदाची दोन तास आधी-नंतर. तुमच्या रुग्णालयाचं धोरण छापून खिशात ठेवा. बांधलेली औषधं आधी, मग व्हेंटवाले, मग उरलेले.

दीर्घ परिणामाच्या गोळ्या कुटायच्या नाहीत. पूर्ण दिवसाचा डोस एकदम उतरतो. फार्मसीला फोन करून द्रवरूप मागून घ्या. फीड (नळीतून दिलं जाणारं अन्न) चालू असताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि कूस बदलण्यासाठी बेड सपाट करायचा असेल तर त्याआधी फीड थांबवा.

वेळेत देता आलं नाही तर खरी वेळ नोंदवा आणि कारण लिहा: 'शेजारच्या खोलीत रॅपिड रिस्पॉन्स.' आठवड्यात चार वेळा हेच कारण आलं की तो स्टाफिंगचा पुरावा होतो. वेळ जुळवून लिहिलेली नोंद फक्त तुमच्या विरुद्ध वापरली जाते. स्कॅनर आणि औषधाचं कपाट या दोन्हींत सेकंदासकट वेळ असते.

संसर्ग आणि पाठ

एलटॅकमध्ये कँडिडा ऑरिस आणि औषधांना दाद न देणारे जंतू नेहमीचेच आहेत. कँडिडा ऑरिससाठी हाताला अल्कोहोल जेल चालतं. पृष्ठभाग पुसायला मात्र क्वाटर्नरी अमोनियमची साधी वाइप पुरत नाही, या बुरशीसाठी मान्यता असलेलीच लागते. सी-डिफला (जुलाब करणाऱ्या एका जंतूला) उलट, हात साबण-पाण्यानेच. पिक लाइनचं पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, किंवा सुटलं की लगेच.

पाठीच्या बाबतीत शौर्य नको. पेशंट हाताळताना एका माणसावर ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार येऊ नये, ही अमेरिकेच्या व्यवसाय-सुरक्षा संस्थेची मर्यादा आहे. शंभर किलोच्या माणसाचा नुसता एक पायसुद्धा तिच्या जवळ जातो. लिफ्ट कुठे ठेवली आहे आणि स्लिंग धुऊन आली आहे का, हे शिफ्टच्या सुरुवातीला बघा. कळ आली तर त्याच शिफ्टमध्ये इजेचा अर्ज भरा. 'उद्या बघू' म्हटलं की भरपाईचा दावा कमकुवत होतो. सुई टोचली तर धुवा, लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं काही तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. तपासणी आणि औषधांचा खर्च मालकाचा.

जास्त पेशंट दिले तर

सात वाजता बोर्डावर तुमच्या नावापुढे सात पेशंट दिसले. चौघे ट्रेकवाले. आता काय?

रिपोर्ट घेण्याआधी बोला. पेशंट स्वीकारल्यानंतर हँडओव्हर न देता निघून जाणं म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडणं, त्यात परवाना जाऊ शकतो. स्वीकारण्याआधी आक्षेप घेणं, किंवा जादा शिफ्टला नाही म्हणणं, याला बहुतेक नर्सिंग बोर्ड तसं मानत नाहीत. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण 'तुझा परवाना जाईल' ही धमकी सर्रास दिली जाते.

चार्ज नर्सला शांतपणे, आकड्यात सांगा: 'सात पेशंट, त्यातले चार ट्रेकवाले, दोन व्हेंटवर, एकाचा बीपीचा ड्रिप चालू. हे सुरक्षित नाही. एक ट्रेकवाला दुसरीकडे द्या किंवा सुपरवायझरला बोलवा.' नुसतं 'मला जमणार नाही' म्हटलं तर चर्चा तुमच्या क्षमतेची होते. आकडे दिले की असाइनमेंटची होते. आपल्याकडे सीनियरला उलट बोलायची सवय नसते, पण इथे हा उद्धटपणा धरत नाहीत.

पुढचं राज्यावर अवलंबून आहे. टेक्सासमध्ये सेफ हार्बर आहे. असाइनमेंट घेण्याआधी, किंवा शिफ्टच्या मध्ये परिस्थिती बदलली तर त्या क्षणी, छोटा लेखी अर्ज द्यायचा आणि घरी जाण्याआधी सविस्तर. काम तुम्ही करता, पण परवान्याला संरक्षण मिळतं आणि सूड उगवायला मालकाला कायद्याने बंदी आहे. शिफ्ट संपल्यावर दुसऱ्या दिवशी मागितलेला सेफ हार्बर चालत नाही. कॅलिफोर्नियात प्रमाणच कायद्यात आहे: आयसीयूत एका नर्सला २, स्टेप-डाउनला (आयसीयूच्या एक पायरी खालच्या विभागाला) ३, टेलिमेट्रीला (हृदयाच्या मॉनिटरवरच्या विभागाला) ४, मेडिकल-सर्जिकलला ५. जेवणाच्या सुट्टीतही ते मोडता येत नाही. तिथली एलटॅक ॲक्यूट रुग्णालयं म्हणूनच परवाना घेतात, त्यामुळे 'आम्ही वेगळे' हे ऐकून घेऊ नका. युनियन असेल तर 'आक्षेप असूनही स्वीकारलेली असाइनमेंट' असा फॉर्म असतो. युनियन नसेल तर सुपरवायझरला त्याच वेळी ईमेल करा, पेशंटांची नावं न घालता. प्रत घरी ठेवायची ती तुमच्या शब्दांची, चार्टची नाही.

सक्तीच्या ओव्हरटाइमवर बऱ्याच राज्यांत बंदी आहे. पेनसिल्व्हेनियाचा २००८चा कायदा तर स्पष्ट म्हणतो की कायमच्या अपुऱ्या माणसांमुळे पडलेली जागा ही अनपेक्षित आणीबाणी नव्हे.

पगार आणि कामाच्या अटींबद्दल सहकाऱ्यांशी बोलणं हा खासगी मालकाकडच्या नर्सेसचा फेडरल हक्क आहे, युनियन असो वा नसो. कायमची चार्ज नर्स झालात तर मात्र सावध. २००६च्या एका निर्णयानंतर स्वतःच्या निर्णयाने असाइनमेंट वाटणाऱ्या चार्ज नर्सला 'सुपरवायझर' ठरवून या संरक्षणाबाहेर काढता येतं. ताशी दोन डॉलर वाढताहेत म्हणून ते पद घेण्याआधी हे मोजा. स्वतःचा व्यावसायिक विमाही घ्या. वर्षाला शे-दीडशे डॉलरच्या आसपास पडतो. रुग्णालयाचा विमा आधी रुग्णालयाला वाचवतो.

पगाराची पावती

बारा तासांच्या शिफ्टला तुम्ही साडेबारा तास आत असता. जेवणाचा अर्धा तास आपोआप कापला जातो. कायद्याने तो कापायचा तर त्या अर्ध्या तासात तुम्ही कामातून पूर्ण मोकळ्या असायला हव्यात. फोन हातात, अलार्मकडे कान, एका हाताने पोळीचा रोल, हे जेवण नव्हे, काम आहे. आठवड्याला तीन शिफ्ट म्हणजे दीड तास. ताशी ४० डॉलर धरले तर ६० डॉलर, ५० आठवड्यांत ३,०००. 'नो लंच'चा फॉर्म किंवा घड्याळावरचं बटण कुठे आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारा आणि प्रत्येक वेळी वापरा. कॅलिफोर्नियात चुकलेल्या जेवणासाठी वर एक तासाचा जादा पगार मिळतो. घड्याळ बंद करून चार्टिंग पूर्ण करायला बसणं हीदेखील फुकटची मजुरी आहे, ती करू नका.

स्वतःच्या वहीत रोज चार गोष्टी लिहा: आलेली वेळ, गेलेली वेळ, जेवण झालं का, पेशंट किती. पावतीतली चूक सापडली तर आधी पेरोलला ईमेल. दोन पगार उलटूनही दुरुस्ती नाही, तर फेडरल कामगार खात्याचा वेतन विभाग तक्रार फुकट घेतो. त्या वेळी ही वहीच कामाला येते.

सोडताना

एक वर्ष पूर्ण झालं की आयसीयू आणि स्टेप-डाउनची दारं उघडतात. राजीनामा लेखी द्या, करारात असेल तेवढ्या मुदतीचा, आणि सोडण्याआधी तीन कागद हातात घ्या: पूर्ण झालेली कौशल्यांची यादी, बीएलएस-एसीएलएस या जीवरक्षण प्रशिक्षणांची कार्डं आणि बोनसची बाकी शून्य असल्याचं पत्र. जमलेली सुट्टी पैशांत मिळते की बुडते हे राज्यावर आणि धोरणावर आहे, राजीनाम्याच्या आधी विचारा. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर परवान्याचं बघा. टेक्सास आणि लुइझियाना बहुराज्य परवान्याच्या करारात आहेत, कॅलिफोर्निया नाही. तिथे नवा अर्ज करावा लागतो आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून, कॉलेजकडून पुन्हा कागद मागितले जाऊ शकतात. ते यायला महिने लागतात, म्हणून राजीनामा देण्याच्या बऱ्याच आधी अर्ज टाकून ठेवा.